सह्यांचा गठ्ठा की एकट्याचा अर्ज?

रात्रपाळी: आमच्या वळणावर दिवा हवा म्हणून तिघांनी दारोदार फिरून 312 सह्या जमवल्या. पालिकेत गठ्ठा दिला, शिक्का घेतला, फोटोही काढला. आठ महिने झाले, वळण अंधारातच. माझं मत झालंय की सह्यांची मोहीम म्हणजे निव्वळ हौस. त्यापेक्षा एकट्याने नेमका अर्ज करावा: कोणता खांब, कुठला विभाग, उत्तर कधीपर्यंत. पटत नसेल तर बोला.

तिसरा मजला: नाही पटत. एकट्याचा अर्ज फाइलीत कधी गेला नि फाइल कपाटात कधी गेली, कळतसुद्धा नाही. निवडून आलेल्या माणसाला अर्जातली भाषा दिसत नाही, मतं दिसतात. गठ्ठा दिलात कुणाला?

रात्रपाळी: आवक खिडकीवर. अजून कुठे देणार?

तिसरा मजला: तिथेच घोडं पेंड खातंय. खिडकीवरचा माणूस शिक्का मारतो, निर्णय घेत नाही. एक प्रत आवकला, दुसरी तुमच्या नगरसेवकाच्या हातात, आणि सोबत 'हा विषय सभेपुढे ठेवा' अशी लेखी विनंती. सभेच्या इतिवृत्तात आला की मग विषय गिळता येत नाही.

निवृत्त कारकून: मी अशा खिडकीच्या आतल्या बाजूला बसलोय. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. गठ्ठा आला की आम्ही पहिलं पान बघायचो. मागणी एका वाक्यात असेल तर त्याच दिवशी त्या विभागाकडे रवाना. दिवा, गटार, कुत्री, बाग अशी मोट बांधलेली असली की कागद चार टेबलांवर फिरायचा आणि चौघेही म्हणायचे, मुख्य विषय आमचा नाही. दुसरं म्हणजे मागणी पहिल्या पानावर आणि मागे अकरा पानं नुसत्या सह्या! त्या कशासाठी केल्या, कसं समजावं? प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागणी हवी, खाली नाव, पत्ता, सही. घरातल्या पाचजणांच्या सह्या एकाच अक्षरात दिसल्या की बाकीच्या खऱ्या सह्यांकडेही आम्ही डोळे बारीक करून बघायचो.

इतिहासवेडा: 1848 मध्ये ब्रिटनमध्ये हेच झालं. मतदानाचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्टांनी 57 लाख सह्यांचा दावा केला. संसदेच्या कारकुनांनी मोजल्या तर वीस लाखसुद्धा भरल्या नाहीत, आणि त्यांत खुद्द राणी व्हिक्टोरियाचं नाव! अर्जाचं हसं झालं. गंमत म्हणजे त्यांच्या सहा मागण्यांपैकी पाच पुढे कायद्यात आल्याच.

रात्रपाळी: म्हणजे सह्यांनी नाहीच आल्या!

इतिहासवेडा: सह्या गोळा करताना जी माणसं एकत्र आली, त्यांच्यामुळे आल्या असं मी म्हणेन. वाद घाला खुशाल.

नियमवाचक: वाद कशाला, आधी नियम बघा. इंग्लंडमध्ये 2009 च्या कायद्याने स्थानिक परिषदांना नागरिकांच्या अर्जांसाठी योजना करणं सक्तीचं केलं, 2011 च्या कायद्याने ती सक्ती काढली. आता ज्या त्या परिषदेचा स्वतःचा नियम. काही बाबतींत मात्र आकडा कायद्यातच आहे: 2,500 हून जास्त मतदारांच्या भागात नवी पॅरिश परिषद (म्हणजे सर्वांत खालच्या पातळीवरची, गावाची किंवा वस्तीची परिषद) हवी असेल तर साडेसात टक्के मतदारांच्या सह्या लागतात, आणि त्या भरल्या की वरच्या स्थानिक परिषदेला विचार करावाच लागतो. आपल्याकडे किती सह्यांवर चर्चा बंधनकारक आहे, की मुळात नाहीच, हे न बघता दारोदार फिरणं म्हणजे चपला झिजवणं.

रात्रपाळी: पहिलं पान आत्ता काढून बघितलं. 'परिसरातील दिवाबत्ती व इतर समस्यांबाबत.' 'इतर' मी घातलं नव्हतं, पण सही माझीच पहिली आहे. तरी मत तेच. उद्या खांबाचा क्रमांक घालून एकटाच अर्ज टाकतो.

तिसरा मजला: टाका. मागे त्या 312 सह्या जोडा.

निवृत्त कारकून: जोडू नका. त्या 'इतर' साठी केलेल्या आहेत.

तिसरा मजला: मग पुन्हा फिरा. तळमजल्यापासून मी येते.