पन्नाशीत अंग घट्ट ठेवायला नुसतं चालणं पुरतंय काय? माझं मत, नाही पुरत

टिळकवाडीची_मास्तरीण:
मी ४९ वर्षांची. सहा वर्षं रोज सकाळी बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चालते, पाऊस सोडला तर खाडा नाही. वजन ६१, सहा वर्षांत किलोभर इकडंतिकडं, म्हणजे आपण फिट आहोत अशी माझी पक्की समजूत होती. गेल्या वर्षी खानापूरला भाच्याच्या लग्नात पंगतीला मांडी घालून बसले, जेवण झालं, उठायला गेले तर उठताच येईना. एक हात जमिनीला, दुसरा शेजारच्या वन्संच्या खांद्यावर, तेव्हा कुठं उठले, आणि वन्सं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, त्या आधीच उठून उभ्या होत्या. घरी येऊन आरशात नीट बघितलं. दंडाचं मांस लोंबायला लागलेलं, मांड्या ढिल्या, पोट पुढं. वजन तेच, पण आतलं सगळं बदललेलं, स्नायू गेलेत आणि त्यांच्या जागी चरबी आलीय. काटा हे दाखवतच नाही.

त्यानंतर आठ महिने झाले, आठवड्यातनं तीन दिवस वजनं उचलते. डंबेल, स्क्वॅट, ओढायचे व्यायाम. चालणं बंद केलेलं नाही. आता मांडी घालून बसते आणि हात न टेकता उठते, गॅसचा भरलेला सिलिंडर बाल्कनीतनं स्वयंपाकघरात मीच नेते. म्हणून ठाम सांगते, चालणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलं, पण अंग घट्ट ठेवायचं असेल तर चाळिशीनंतर वजन उचलल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि बायकांनी तर नाहीच. कुणाचं वेगळं मत असेल तर मांडा, मला खरंच ऐकायचंय.

कंग्राळीचा_जुना_पैलवान:
ताई, तुमचा अनुभव खरा हाय, मान्य. पण त्याला एसीतली जिम कशाला पाहिजे? मी ५८ वर्षांचा, अजून पहाटे उठून जोर, बैठका, सपाट्या मारतोय. आमच्या वस्तादांनी कधी मशीन बघितलं नव्हतं. आपल्या बेळगाव भागात गावोगाव तालमी होत्या, संध्याकाळी पोरं लंगोट लावून हौद्यात उतरायची आणि एकेकाचं अंग कसं दगडागत. १९५२ ला हेलसिंकीला पदक आणणारे खाशाबा जाधव कुठल्या मशीनवर तयार झाले? लाल मातीतच. पन्नाशीतल्या माणसाला १०० बैठका आणि ५० जोर लई झाले, पैसा लागत नाही, जागा लागते ती वाकळ अंथरण्यापुरती. जिममधली बॉडी ही फुगवलेली, महिना बंद केली की उतरती.

शहापूरची_अक्का:
मला मुळात प्रश्नच पटत नाही. पन्नाशीत अंग घट्ट कशाला पाहिजे? कुणासाठी? मी ५२, दोन सिझर, पोटाची कातडी सैल पडलीय ती पडलीय. आम्ही पहाटे पाचला उठून डबे करायचे, सासूबाईंची औषधं बघायची, नोकरी करायची, आणि आता त्यात हे नवीन, दंड लोंबतोय म्हणून डंबेल उचला. पोरी रील्स बघून स्वतःला नावं ठेवतात तेवढं पुरे नाही का, आता आम्हीपण सुरू करायचं? वय झालं की शरीर वयाचं दिसणार. माझी आई ८१ वर्षांची आहे, तिनं आयुष्यात डंबेल बघितलं नाही, अजून स्वतःची कामं स्वतः करते. मी संध्याकाळी किल्ल्याच्या तलावाकडं मैत्रिणींबरोबर चालते, डोकं शांत होतं, मला तेवढं बास.

खानापूर_रानातला:
अक्कांचं बरोबर हाय. हा शहरातला आजार हाय, खुर्चीवर बसून झालेला. मी सकाळी सातला रानात जातोय ते दिवस मावळताना परत. पाठीवर खताचं पोतं, हातात कुदळ, पावसाळ्यात चिखलात रोप लावणी. मला कोण जिमला जा म्हणत नाही. दंड बघितला तर पोरं लाजतील. खरं एक सांगतो, कंबर सकाळी उठताना धरत्या आणि डावा गुडघा दोन वर्षं झाली दुखतोय.

हिंदवाडीतली_फिजिओ:
खानापूरच्या दादांनी शेवटी जे लिहिलं तिथंच सगळा मुद्दा आहे. माझ्याकडं रानात राबणारी माणसं रोज येतात, दंड भक्कम, हाताची पकड अशी की माझा हात दुखावा, आणि कंबर मोडलेली. कारण काम अंगाला विचारून होत नाही. लावणी करताना तासन् तास कमरेत वाकायचं, पोतं नेहमी एकाच खांद्यावर, विश्रांती हंगाम संपल्यावर. व्यायामात आपण वजन ठरवतो, किती वेळा ते ठरवतो, आणि दोन दिवसांच्या मधे अंग भरून यायला वेळ देतो. श्रम आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दादा, गुडघा दोन वर्षं दुखतोय तर एकदा दाखवा, उगीच मालिश करत बसू नका.

आता ताईंच्या मुद्द्याबद्दल. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, साठीनंतर वेग वाढतो. त्यातही झटकन जोर लावणारे जे तंतू असतात, म्हणजे तोल गेला तर पाय पटकन पुढं टाकायला लागतात ते, ते आधी बारीक होतात. चालताना हे तंतू फारसे कामाला लागतच नाहीत, म्हणून रोज पाच किलोमीटर चालणारा माणूससुद्धा जमिनीवरनं उठताना अडतो. बायकांत पाळी जाताना इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरतं, पहिल्या काही वर्षांत हाडं वेगानं विरळ होतात आणि चरबी पोटाकडं सरकते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जे सांगितलं त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आहेच, पण त्याशिवाय आठवड्यातनं किमान दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम वेगळा सांगितलाय. म्हणजे हे का ते असं नाहीच.

उशीर झाला म्हणणाऱ्यांसाठी एक. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना, वृद्धाश्रमात राहणाऱ्यांना, आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं होतं. त्यांची पायाची ताकद सरासरी पावणेदोनशे टक्क्यांच्या घरात वाढली. नव्वदीला होतं तर पन्नाशीला का नाही.

टिळकवाडीची_मास्तरीण:
शहापूरच्या अक्का, तुमच्या आईनं डंबेल बघितलं नसेल, पण शहापुरातल्या जुन्या घरात विहीर होती ना? चाळीस वर्षं शेंदून पाणी काढलं असेल, जात्यावर दळलं असेल, चुलीपुढं उठबस केली असेल, उखळात कांडलं असेल. ते सगळं आपल्या आयुष्यातनं गेलं. नळ आला, मिक्सर आला, ओटा आला. चांगलंच झालं, पण त्या ओढण्या-उचलण्याच्या जागी आपण काहीच ठेवलं नाही. मी डंबेल उचलते म्हणजे विहिरीचं पाणी शेंदते एवढंच समजा.

आणि कुणासाठी म्हणालात. माझी सासू ७९ वर्षांची, मागच्या श्रावणात न्हाणीत पडली, मांडीचं हाड मोडलं. तिला उचलून कॉटवर ठेवायला आम्ही दोघी बायका घरात, आणि दोघींना ती उचलेना, शेजारचे काका आले. ती तशी अर्धा तास थंड फरशीवर होती. ते माझ्या डोक्यातनं जात नाही.

शहापूरची_अक्का:
ऐकून वाईट वाटलं, सासूबाई आता बऱ्या आहेत ना. पण विहिरीचं तेवढं गोड करून सांगू नका. माझ्या आईचे खांदे त्या रहाटानं गेले. तिच्या बरोबरीच्या किती बायकांचं अंग बाहेर यायचं, कुणाला सांगायच्यापण नाहीत. ते कष्ट होते, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मला भीती ही की बाईच्या अंगाला आराम मिळायला आता कुठं लागलाय, तोवर परत कुणीतरी सांगायला आलंय की बाई, तू कमी पडतेस. ताकद म्हणा, मी ऐकते. घट्ट, लोंबतंय, सुटलंय हे शब्द आले की मी ऐकणार नाही.

हिंदवाडीतली_फिजिओ:
अक्का, यात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे आणि ती कुणी सांगत नाही म्हणून सांगते. कातडी आणि स्नायू वेगळे. बाळंतपणानं किंवा खूप वजन उतरल्यानं सैल झालेली कातडी व्यायामानं ताणून घट्ट होत नाही, खाली स्नायू भरला तर थोडी भरलेली दिसते इतकंच. आणि पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटाचीच चरबी जाते असंही होत नाही, चरबी कुठनं आधी जाणार ते शरीर ठरवतं. त्यामुळं तीस दिवसांत पोट सपाट म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

अनगोळचा_कंबरवाला:
सगळे जिमचं कौतुक करालेत म्हणून माझं ऐका. वय ४६. घराजवळच्या जिममध्ये नाव घातलं, ट्रेनर बावीस वर्षांचा पोरगा, तिसऱ्या आठवड्यात डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरनं वाकून वजन उचलायच्या व्यायामाला, वजन वाढवत गेला, सर जमतंय जमतंय म्हणत. कमरेत काहीतरी सरकल्यागत झालं. एमआरआय, मणक्यातली चकती सरकलेली, सहा आठवडे आडवा, दुकान बायकोनं सांभाळलं. बीपी असलेला माणूस श्वास कोंडून वजन उचलतो आणि त्याला कुणी टोकत नाही. चालून कुणाची चकती सरकलेली मी अजून बघितली नाही. मी आता फक्त सूर्यनमस्कार आणि चालणं, आणि मी सुखी हाय. औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेला तो उगीच नव्हं.

टिळकवाडीची_मास्तरीण:
दादा, तुमच्या बाबतीत चूक झाली ती वजनाची नाही, घाईची. मी पहिले दोन महिने रिकाम्या हातानंच केलं, नंतर दोन किलो, आता सात. वजन उचलताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही, हे मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. बीपी, मधुमेह असेल तर आधी डॉक्टरला विचारून. सूर्यनमस्कार मीपण घालते, पण त्यात दोन गोष्टी नाहीत. एक, ओढायचं काही नाही, सगळं ढकलायचं, त्यामुळं पाठीचा वरचा भाग तसाच राहतो आणि आपण पुढं वाकत जातो. दुसरं, वजन तेच राहतं, स्वतःचं. बारा सवयीचे झाले की अंगाला त्यात नवीन काही उरत नाही, नुसती संख्या वाढते. पैलवान काकांच्या बैठकांचंपण तेच.

कंग्राळीचा_जुना_पैलवान:
थांबा ताई, तालमीत ओढायचं न्हाई म्हणता? दोर चढायचो आम्ही, पाय न लावता. मल्लखांब हाय. आणि कुस्तीआधी हौद्याची माती उकरायची असती, फावड्यानं, अख्खा हौदा, दोन पोरं पुरी घामाघूम. करेला, मुद्गल ही फिरवायची जड लाकडं, आणि ते मुद्गलपण एक नसायचं, भिंतीला ओळीनं लावलेली, बारकं आधी, मग त्याच्यावरचं, मग वस्ताद सांगेल तेव्हा मोठं. हळूहळू वजन वाढवायचं हे तुमच्या जिमनं शोधलं काय? आमच्यात पहिल्यापासनं हाय.

एक मात्र मी मनापासनं सांगतो, कारण त्यात आमची माणसं गेलीत. माझ्याबरोबरचे किती तरी पैलवान तिशीला आखाडा सोडला, खुराक मात्र सोडला न्हाई, दूध-तूप-मटण तसंच. चाळिशीला पोट सुटलं, साखर लागली, दोघं तर पन्नाशी बघितली न्हाईत. म्हणून पोरांनो, जिम करा न्हाईतर तालीम करा, मधेच सोडू नका, आणि सोडलं तर ताट पण कमी करा.

वडगावचा_मागवाला:
माझा साधा प्रश्न. मी पॉवरलूमवर, दिवसाला दहा तास उभा, मागाचा आवाज डोक्यात. जिमची फी आणि त्याच्यावर ते प्रोटीनचे डबे, आमच्या घरात ते जमत नाही. बायको ४४ ची, घरात बसून साड्यांचे गोंडे करते, तिला जिन्यावरनं उतरताना गुडघ्यात जोर नाही म्हणते. जिममध्ये ती जाणार नाही, ड्रेस घालणार नाही, लोक काय म्हणतील तेपण आहेच. तिनं घरात काय करावं ते सांगा, बाकीचं भांडण तुम्ही चालू द्या.

हिंदवाडीतली_फिजिओ:
दादा, डबा लागत नाही. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रोटीन हे कमीत कमी, व्यायाम करणाऱ्याला थोडं जास्त. एक अंडं ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५ च्या आसपास, डाळी कच्च्या शंभर ग्रॅमला वीस-बावीस. जोंधळ्याच्या भाकरीतपण असतंच. आपल्याकडं घोळ असा होतो की ताटात भात डोंगराएवढा आणि आमटी वरून ओतण्यापुरती, आणि बाई सगळ्यात शेवटी बसते तेव्हा आमटीचं नुसतं पाणी उरलेलं असतं. वहिनींना मोड आलेली मटकी रोज वाटीभर पहिल्यांदा वाढा.

टिळकवाडीची_मास्तरीण:
आणि व्यायामाचं मी सांगते, मी इथनंच सुरू केलं. साडीवरच करायचं. न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. हात छातीवर, बसायचं आणि उठायचं, बसताना धप्पकन नाही, तीन मोजत. आठ वेळा, दम खाऊन परत आठ. गुडघ्यात कळ आली तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवायची. मग भिंतीवर हात ठेवून जोर, काकांचेच जोर पण उभ्यानं. मग जुनी ओढणी दाराच्या पक्क्या कडीला बांधून दोन्ही हातांनी धरायची, थोडं मागं रेलायचं आणि स्वतःला पुढं ओढायचं. एक दिवस आड. तीन आठवड्यांनी बसणं-उठणं सोपं वाटायला लागलं की जोंधळ्याच्या पिठाची दोन किलोची पिशवी छातीशी धरून. वहिनींना लाज वाटत असेल तर रविवारी सकाळी माझ्या घरी येऊ देत, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ राहते, आम्ही आधीच चौघी आहोत.

शहापूरची_अक्का:
खुर्चीची उंची किती घ्यायची? आमच्या घरातल्या सगळ्या बुटक्या आहेत.