भीती की भपका: पुढची मोहीम कुठली?

फासेवाला:
कोथरूडच्या आमच्या पाचजणांची रोल-प्लेइंग खेळातली (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि गोष्ट खेळायची, तसली) ड्रॅगनवाली मोहीम एकदाची आटोपली. आता पुढच्या खेळावरून दोन तट पडलेत: भयकथांचा 'कॉल ऑफ कथुलू' की 'कॅसल फाल्केनस्टाइन'? मी पहिल्याच्या बाजूने. १९८१ पासून तो टिकलाय तो राक्षसांमुळे नाही, 'सॅनिटी'च्या, म्हणजे पात्राच्या शहाणपणाच्या, आकड्यामुळे. भयंकर काही दिसलं की शंभराचे फासे टाकायचे. आपल्या आकड्याच्या वर पडले की शहाणपण गळतं, आणि सहजी परत येत नाही. वर त्या गूढ विद्येचं ज्ञान जितकं वाढेल तितकी सॅनिटीची कमाल मर्यादा खाली. म्हणजे पोथी वाचणाराच आधी वेडा! फाल्केनस्टाइनमध्ये काय, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला बव्हेरिया, पऱ्या, वाफेची यंत्रं आणि पुन्हा ड्रॅगनच.

इस्पिकची राणी:
वाचलंय, की नुसतं मुखपृष्ठ पाहिलंय? १९९४ च्या त्या खेळात फासेच नाहीत. फासे टाकणं सभ्य माणसाला शोभत नाही, म्हणून पत्ते. हातात चार पानं: मारामारीला किलवर, डोकं चालवायला चौकट, प्रेमाबिमाला बदाम, प्रतिष्ठेला इस्पिक. भलत्या रंगाचं पान टाकलंत तर किंमत फक्त एक. मोठं पान आत्ता खर्चायचं की राखायचं, हे मी ठरवते. तुमच्याकडे ९३ पडले की खेळ खलास, त्यात खेळणाऱ्याची करामत ती काय? आणि भीतीचं तर सांगूच नका. तळघराचं दार उघडताना तुमच्याच एकाने मिसळ मागवली होती.

फासेवाला:
मिसळीचा दोष खेळाला कसा? दिवे मालवा, फोन गोळा करा.

पेठेतला एक:
व्हिक्टोरियाचा काळ म्हटला की लंडनचं धुकंच का हो? १८९७ चं पुणं घ्या. प्लेग, घरोघरी सोजिरांच्या झडत्या, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळ्या. राणीच्या हीरक महोत्सवाचा भपका गव्हर्नरच्या बंगल्यावर, भीती पेठेत. कथुलूची १८९० च्या दशकातली 'गॅसलाइट' पुरवणी १९८६ पासून आहे. लंडन काढा, पुणं घाला.

इस्पिकची राणी:
झडतीला आलेल्या सोजिरावर सॅनिटीचे फासे टाकायचे? आमच्या घरात त्या दिवसांच्या गोष्टी अजून सांगतात. मला नाही जमणार. पऱ्यांच्या बव्हेरियात निदान कुणाची पणजी मेलेली नाही.

पेठेतला एक:
म्हणूनच तो भपका पोकळ वाटतो ना! राणीचं राज्य सुंदर होतं, असं पुणेकराने का मानावं?

फासेवाला:
यावर माझ्याकडे उत्तर नाही, त्यामुळे शनिवारी फाल्केनस्टाइनचा एक डाव. एकच. कॅट मी आणतो.

इस्पिकची राणी:
जोकर काढून ठेवू नका. इथे तो पंधराचा असतो, कुठल्याही रंगात चालतो.