ट्रॅक डेला मधल्या ग्रुपमधून खाली पाठवलं. वळणावर आतून गाडी काढली ते खरंच एवढं चुकलं का?

वाळूजकर_३९०:

राम राम मंडळी. मी छत्रपती संभाजीनगरचा, वाळूजला छोटं मशीन शॉप आहे. गाडी केटीएमची आरसी ३९० बाइक. मागच्या महिन्यात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर पहिल्यांदा ट्रॅक डे केला, म्हणजे पैसे भरून रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायचा दिवस. ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, १२ वळणं. गाडी पिकअपमध्ये टाकून आम्ही दोघं मित्र हजार किलोमीटरच्या वर गेलो होतो, म्हणून एकेक सेशन, म्हणजे ट्रॅकवर जायची एकेक पाळी, लै मोलाचं होतं.

फॉर्म भरताना ग्रुप विचारला: नवशिके, मधले, का तरबेज. मी पंधरा वर्षं गाडी चालवतोय. कन्नडचा घाट, म्हैसमाळ, सिल्लोड रोडचा चौका घाट, सगळं पाठ आहे. म्हणून मधला लिहिला. सकाळी सूचना दिल्या तेव्हा सांगितलं होतं की मधल्या ग्रुपनं वळणावर फक्त बाहेरून पुढं जायचं आणि दोन गाड्यांत सहा फूट ठेवायचे. ऐकलं होतं मी. खोटं कामून बोलू.

दुसऱ्या सेशनला पुढं यामाहा आर१५वाला एक पोरगा होता. त्याची १५५ सीसी, माझी ३७३. सरळ भागात मी त्याला मागं टाकायचो, वळण आलं की तो बाहेरून परत पुढं. असं तीन लॅप, म्हणजे ट्रॅकच्या तीन फेऱ्या, चाललं. चौथ्याला एका उजव्या वळणाच्या तोंडाशी आतली बाजू मोकळी दिसली आणि मी गाडी घातली. तो बाहेर गवतात गेला. पडला नाही, देवाची कृपा. पुढच्या लॅपला मला काळा झेंडा दाखवला, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथं, बोलावलं, आणि उरलेला दिवस नवशिक्यांत काढला.

तेव्हा राग आला होता. आता राग नाही, पण डोक्यातून जात पण नाही. जागा होती, मी त्याला शिवलोसुद्धा नाही. रस्त्यावर आपण रोज हेच करतो. जानेवारीत परत जायचंय. कोणता ग्रुप लिहू? नवशिक्यांत फक्त सरळ भागात पुढं जाऊ देतात, मग एवढ्या लांब जाऊन पैसे वाया जातील का?

जालना_रोड:

भाऊ, आयोजकागणिक नियम थोडेफार बदलतात, पण खालच्या दोन ग्रुपांत वळणावर आतून घुसायचं नाही हे जवळपास सगळीकडं आहे. चूक तुझीच. पण एक गोष्ट मला पटत नाही. फॉर्मवर ज्यानं त्यानं आपला ग्रुप लिहायचा म्हटलं की माणूस वर्षं मोजतो नाहीतर सीसी मोजतो. पहिल्यांदा येणाऱ्याला सरसकट खालच्या ग्रुपातच घ्यावं, मग तो कुणी का असेना.

अंबाजोगाईकर:

मी मूळचा अंबाजोगाईचा. नोकरीनिमित्त काही वर्षं चेन्नईत होतो, तेव्हा सुट्टीच्या दिवशी त्याच ट्रॅकवर मार्शल म्हणून झेंडे घेऊन उभा राहायचो. तुम्ही केलंत ते मी कडेला उभं राहून बऱ्याचदा बघितलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

"जागा होती" असं तुम्ही म्हणता. वळणात गाडी बाहेरच्या कडेनं शिरते, मधे आतल्या कडेला येते आणि निघताना परत बाहेर पसरते. तुम्हाला दिसली ती जागा त्या पोरानं सोडलेली नव्हती, तो तिकडंच यायला निघाला होता. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. तुम्ही बघून ठरवेपर्यंत तुम्ही दोघंही एकाच ठिकाणी पोचणार. त्यात तो झुकलेला. टायरची बरीचशी पकड गाडी वळवण्यात गुंतलेली असते, अशा वेळी दचकून पुढचा ब्रेक ओढला की पुढचं चाक सुटतं. म्हणून त्यानं गाडी उभी केली, म्हणजे झुकलेली होती ती सरळ केली, आणि अशी उभी केलेली गाडी वळत नाही, सरळ गवतातच जाते. गवतात ती न पाडता नेली, हे त्या पोराचं कसब. तुम्ही धडकला नाहीत ते त्याच्यामुळं.

आता रस्त्याचं. रस्त्यावर आपण हॉर्न मारतो, डिपर देतो आणि पुढच्यानं बाजू द्यावी असं धरून चालतो. निम्मं काम त्याच्यावर टाकतो. ट्रॅकवर आरसे काढलेले, लाइटांवर टेप, हॉर्नचा प्रश्नच नाही. पुढच्यानं मागं बघायचंच नाही, आपली लाइन, म्हणजे वळणातून जायची आपली रेष, धरून पुढं बघायचं, एवढंच त्याचं काम. बाकी सगळं मागच्याच्या अंगावर. तुम्ही माजलगावच्या रस्त्यानं हंगामात गेला असाल तर उसाची डबल ट्रॉली आठवा. ट्रॅक्टरवाल्याची गाणी मोठ्यानं चालू, हॉर्न त्याला ऐकू जात नाही. मागची ट्रॉली कधी हेलकावा खाईल सांगता येत नाही. तिथं आपण "त्यानं बाजू द्यायला पाहिजे होती" असं म्हणत नाही. समोरचं सगळं मोकळं दिसेपर्यंत थांबतो आणि चांगलं अंतर राखून काढतो. ट्रॅकवर पुढची प्रत्येक गाडी ती ट्रॉलीच आहे असं समजा. सहा फुटांचा नियम त्याच्यासाठीच आहे: पुढचा अचानक थोडा सरकला तरी कुणाला काही होऊ नये.

पैसे वाया जाण्याबद्दल. फक्त सरळ भागात पुढं जायचं म्हटलं की आधीच्या वळणातून नीट बाहेर पडावं लागतं, आणि नेमकं तेच आपल्याला येत नसतं. पुढच्याला चिकटून वळणात शिरलात तर त्याच्याच वेगानं वळावं लागतं, नजर त्याच्या मागच्या चाकावर अडकते, आणि तो चुकला की तुम्हीही त्याच्या मागं चुकता. त्यापेक्षा वळणाआधी थोडं अंतर पडू द्या. तुमचं वळण तुमच्या वेगानं घ्या, गाडी उभी व्हायला लागली की थ्रॉटल उघडा. तो अजून सावरत असतो तोवर तुम्ही बाजूनं निघून गेलेले असता. यात धाडस लागत नाही.

आणि राग मानू नका, पण तुमची चूक चौथ्या लॅपची नाही, पहिल्या तीन लॅपची आहे. तो वळणात तुमच्यापेक्षा जलद होता. तुम्ही इंजिनच्या जोरावर सरळ भागात पुढं जायचा आणि पुढच्या वळणात त्याला अडवून धरायचा. एखादा प्रत्येक वळणात आपल्याला गाठतोय हे दिसलं की सरळ भागात, लाइन न बदलता, थ्रॉटल थोडा कमी करायचा आणि त्याला जाऊ द्यायचं. नाहीतर हात वर करून पिटमध्ये शिरायचं, दोन श्वास घ्यायचे आणि मोकळी जागा बघून परत निघायचं. यात कमीपणा काहीच नाही. चांगले चांगले रायडर हे करताना मी बघितलेत.

ग्रुप कोणता, तर सीसी आणि वर्षं विसरा. सलग पाच लॅप त्याच खुणेला ब्रेक, त्याच जागी आतली कड, बाहेर पडताना तीच रेष, हे जमलं की मधल्या ग्रुपात या. तोवर खाली. आणि या तयारीसाठी म्हैसमाळला जाऊ नका, वळणावर समोरून एसटी येते.

मांजराकाठची:

वाळूजकर दादा, मी लातूरची. तुमच्या गोष्टीतल्या आर१५वाल्याच्या जागी मी होते, म्हणून लिहायलेय.

कोइमतूरचा करी स्पीडवे, २.१ किलोमीटरचाच ट्रॅक. छोटा ट्रॅक असला की मागचे लवकर येऊन गाठतात. माझा तिसरा ट्रॅक डे होता. वळणात झुकलेली असताना उजव्या गुडघ्याच्या अगदी जवळून एक गाडी आत आली. मी पडले नाही, गवतातही गेले नाही. गाडी उभी केली, कशीबशी कडेला थांबवली. त्या माणसानं बहुतेक मला लक्षातही ठेवलं नसेल.

पण पुढची दोन सेशन मी प्रत्येक वळणाआधी मान मागं वळवून बघायलते. मान मागं म्हणजे हात हलणार, हात हलले की लाइन जाणार. ज्या वळणासाठी मी दोन महिने पैसे साठवून गेले होते तेच मला घेता येईना. शेवटी इन्स्ट्रक्टर सरांनी मला चार लॅप त्यांच्या मागं नेलं, तेव्हा कुठं नजर परत पुढं गेली. ओव्हरटेक करणाऱ्याचं एका सेकंदात होऊन जातं दादा, पण पुढच्याचा दिवस जातो.

तरबेज ग्रुपात आतून बाहेरून कुठूनही पुढं जातात, ते बघून आपल्यालाही वाटतं जमेल. पण तिथं समोरचा पुढच्या क्षणी कुठं असणार हे मागच्याला पक्कं माहीत असतं. आपल्या ग्रुपांत तेच माहीत नसतं.

वाळूजकर_३९०:

अंबाजोगाईकर काका, तीन लॅपचं तुम्ही लिहिलं ते वाचून रात्री मित्रानं काढलेला व्हिडिओ परत लावला. पिटच्या भिंतीजवळून काढलाय, वळण त्यात येत नाही, पण सरळ भाग येतो. तीनही वेळा मी त्या पोराच्या पुढं आलोय आणि लगेच ब्रेकचा लाल दिवा लागलाय, त्याच्यापेक्षा बराच आधी. म्हणजे मीच त्याला रोखत होतो.

ताई, तुमचं वाचून त्या पोराला फोन केला. ट्रॅक डेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नंबर होता. होसूरचा आहे, हिंदीत बोललो. माफी मागितली. तो म्हणाला, इंजिनचा आवाज एकदम जवळ आला, पण कोणत्या बाजूनं ते कळेना, म्हणून गाडी उभी केली. त्या दिवशी त्यानं नंतर एकही सेशन केलं नाही. मी पिटमध्ये स्वतःच्याच रागात होतो, मला हे माहीतच नव्हतं.

जानेवारीचा फॉर्म आज भरला. नवशिके लिहिलंय. एकच विचारायचं राहिलं: या वेळी रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरून या म्हणतात, पडलेल्या गाडीतून कूलंट सांडलं तर ट्रॅक निसरडा होतो म्हणून. ते इथूनच भरून नेऊ का तिथं पोचल्यावर?

अंबाजोगाईकर:

इथंच करा, डिस्टिल्ड वॉटर घाला, निघायच्या आधी दोन दिवस गाडी चालवून गळती बघा. परत आल्यावर आठवणीनं कूलंट भरा. आणि ब्रेकचा दिवा लागलेला दिसला म्हणता, त्याच्यावरही टेप लावा. मागचा तुमचा दिवा बघून ब्रेक मारायला लागतो.