'स्थानबद्ध' की 'कच्चा कैदी'?

गोदाकाठ: एका लेखाचं मुद्रितशोधन करतोय. यूएपीएखाली (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, दहशतवादाच्या आरोपांत लावतात तो) पकडलेल्या माणसाबद्दल 'गेली चार वर्षे स्थानबद्ध' असं वाक्य आहे. हे चालेल का? की 'नजरकैदेत' करू?

फौजदारीवाला: दोन्ही नको. स्थानबद्धता म्हणजे माणूस पुढे काही करेल या अंदाजावर त्याला आधीच आत टाकणं. एफआयआर, चार्जशीट, खटला, काहीच लागत नाही. १९८० चा रासुका, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा कायदा घ्या. जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांचा आदेश पुरतो. कारणं एरवी पाच दिवसांत कळवायची, तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवायचं. त्या मंडळापुढे वकील देण्याचा हक्क नाही. मुदत जास्तीत जास्त १२ महिने. आपल्याकडच्या एमपीडीएचंही (झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले वगैरेंसाठीचा महाराष्ट्राचा कायदा) तसंच, म्हणून पेपरात 'हातभट्टीवाला एका वर्षासाठी स्थानबद्ध' अशी बातमी येत असते.

यूएपीएत मात्र रीतसर गुन्हा दाखल होतो. खटला निदान कागदावर तरी असतो. असा माणूस कच्चा कैदी. सरकारी मराठीत न्यायाधीन बंदी. शिक्षा लागली की पक्का.

गोदाकाठ: पण साहेब, चार वर्षांत खटला उभाच राहिला नसेल, तर आत बसलेल्याला काय फरक पडतो?

फौजदारीवाला: आत बसलेल्याला उलटाच फरक पडतो. रासुकाच्या आदेशाला निदान मुदत असते. यूएपीएत चार्जशीटसाठीच १८० दिवसांपर्यंत वेळ मिळू शकतो; एरवी साठ किंवा नव्वद दिवस भरले आणि चार्जशीट नसेल, तर वकिलाने अर्ज टाकला की आरोपीला जामीन हक्काने मिळतो. चार्जशीट आल्यावर कलम ४३ डी (५) आडवं येतं. आरोप प्रथमदर्शनी खरे वाटण्याजोगे आहेत असं कोर्टाला दिसलं, की जामीन नाही. पुरावा तपासायची वेळ खटल्यात येणार, आणि खटला तर सुरूच होत नाही. यूएपीएखालच्याच एल्गार परिषद प्रकरणात २०१८ पासून अटका झाल्या. त्यातले एक आरोपी स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये पकडलं, जुलै २०२१ मध्ये ८४ व्या वर्षी मुंबईत ते गेले. तोवर खटला सुरू झाला नव्हता, म्हणजे ते शेवटपर्यंत कच्चे कैदीच.

त्याच प्रकरणात नजरकैदेचंही उदाहरण सापडेल. दुसरे आरोपी गौतम नवलखा यांना सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तुरुंगातून नवी मुंबईत एका घरात हलवलं होतं. नजरकैद ती.

तुम्ही सरळ 'खटल्याविना चार वर्षे तुरुंगात' लिहा.

जुनीपाने: 'स्थानबद्ध' हा शब्द किती सरकलाय बघा. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते असं आपण म्हणतो. जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारण करायचं नाही, पण गावात हिंडायला, भाषणं करायला मोकळे. (तीही शिक्षा झालेल्या कैद्याची सशर्त सुटका होती, तो भाग वेगळा.) 'स्थानाला बांधलेला' हा अर्थ तिथे चपखल बसतो. आता स्थानबद्ध म्हणजे येरवड्याच्या बराकीत.

खटल्याविना डांबण्याची चाल त्याहून जुनी. रँडच्या खुनानंतर १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना उचललं ते १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली. म्हणजे तेव्हाच तो कायदा सत्तर वर्षांचा झाला होता! १९१९ च्या रौलट कायद्याला लोक 'ना वकील, ना अपील, ना दलील' म्हणत, ते मराठीत जसंच्या तसं रुजलं. पण सगळं खापर इंग्रजांवर फोडून चालणार नाही. आपल्या संविधानातच अनुच्छेद २२ आहे. त्यात अटक आणि स्थानबद्धता असे दोन निराळे शब्द आहेत, आणि सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन महिन्यांपर्यंत आत ठेवायची मुभाही आहे.

गोदाकाठ: आणि मिसाबंदी, म्हणजे आणीबाणीत मिसाखाली आत गेलेले? ते तर पक्के स्थानबद्ध ना?

जुनीपाने: हो, १९७१ चा मिसा (अंतर्गत सुरक्षा कायदा) स्थानबद्धतेचाच कायदा. पण 'मिसाबंदी'ला आणीबाणीनंतर मानाचं वलय आलं, लोक स्वतःची ओळख म्हणून सांगतात. दहशतवादविरोधी टाडाखाली आत गेलेल्यांना 'टाडाबंदी' म्हटलेलं कधी ऐकलंय? टाडा 'लागायचा', संघटित गुन्हेगारीवरचा मोक्का 'लागतो', साडेसाती लागावी तसा.

फौजदारीवाला: 'रासुका'वर हिंदीचा म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी: शेवटचा 'का' कानूनचा असला तरी कायद्याचाही होतो. बिनधास्त वापरा.