पन्हळीच्या पाण्यासाठी ड्रमचा वाळू फिल्टर: थर कसे लावू?

राजापूरकर: छप्पर कौलारू, ५०० चौरस फूट. पाणी विहिरीत सोडायचंय. २०० लिटरचा निळा ड्रम पडून आहे. पुळणीची वाळू फुकट मिळते, चालेल का?

जुना_प्लंबर: पुळण नको हो! खारट, वर इतकी बारीक की पाणी तुंबेल. नदीची जाड वाळू आणा आणि धुतलेलं पाणी नितळ येईपर्यंत धुवा, इथेच सगळे कंटाळा करतात. तळाला गोटे, त्यावर खडी, मग नायलॉनची जाळी, वर फूटभर वाळू. ओव्हरफ्लो हवाच. तासाला ५० मिमी कोसळला तर तुमच्या छपरावरून २३०० लिटर येणार, ड्रमला ते झेपणार नाही. आणि आधी त्या ड्रममध्ये काय होतं? केमिकल असेल तर विषय संपला.

राजापूरकर: काकवी होती. कोळसा घालू का?

जुना_प्लंबर: लाकडी घाला, वास थोडा कमी होईल. पण दरवर्षी बदलावा लागतो. मी घालत नाही.

आजीचा_नातू: पहिल्या पावसाचं पाणी बाहेर जाऊ द्या. कौलांवरची विष्ठा, शेवाळ, पाचोळा त्यातच येतो. पन्हळीच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा पाइपचा जोड) आणि झाकण बसवा. वाळूने गढूळपणा जातो, जंतू सगळे जात नाहीत. प्यायचं पाणी उकळाच.

राजापूरकर: टीचं लक्षात नव्हतं आलं. वाळू भिजली की ड्रम हलणार नाही ना?

जुना_प्लंबर: हलत नाही. चौथरा आधी बांधा.