गुळवेलीचा काढा: वेल ओळखायची कशी, द्यायचा किती?

रानमोगरा
कुंपणावर गुळवेल माजली आहे. घरी तापानंतर थकवा राहिलेल्या माणसाला काढा द्यायचाय. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. प्रमाण किती? रोज वर्षभर चालतो का?

वेलबुट्टी
आधी ती गुळवेलच आहे का ते बघा. हृदयाच्या आकाराच्या पानावर जाऊ नका, तशी पानं कितीतरी वेलींना असतात. जून कांडाची पातळ साल नखाने सुटते, आत हिरवं दिसतं. आडवा काप घेतला की चाकाच्या आऱ्या दिसतात. फळं पिकून लाल होतात. कांडावर चामखिळींसारख्या ठळक गाठी असतील तर ती टिनोस्पोरा क्रिस्पा, म्हणजे गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल, असू शकते. तिला हात लावू नका. फुलोरा असेल तर पाकळ्या मोजा: गुळवेलीला सहा, क्रिस्पाला तीन.

काढेवाला
ताजं कांड २० ग्रॅम, काट्यावर तोलूनच; जाडी बदलते, त्यामुळे 'वीतभर' वगैरे माप फसवं. वरची साल खरवडा, ठेचा, दोन कप पाण्यात मंद आचेवर अर्धा कप उरेपर्यंत आटवा. रोज ताजा करा. चूर्ण असेल तर दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. बाजारातल्या स्वस्त सत्त्वात बऱ्याचदा नुसता स्टार्च निघतो. आठ-पंधरा दिवस पुरे, वर्षभर अजिबात नको.

निदान
वेल खरी म्हणजे धोका नाही, हे मला पटत नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. वेलीची ओळखच पटवलेली नाही, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. २०२२ मध्ये अनेक केंद्रांतून आणखी ४३ रुग्णांची नोंद आली. बऱ्याच जणांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या. म्हणून ल्यूपस, हाशिमोटो (थायरॉइडचा), रुमॅटॉइड संधिवात असे प्रतिकारशक्ती उलटण्याचे आजार, यकृताचा जुना आजार, अवयव प्रत्यारोपण यांत गुळवेल नको. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही टाळावी. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, अन्नावरची वासना जाणं, यातलं काहीही दिसलं तर काढा त्याच दिवशी बंद करून रक्तातलं एसजीपीटी आणि बिलिरुबिन (यकृताच्या तपासण्या) तपासा.
मधुमेहाची गोळी कोणती?

रानमोगरा
ग्लिमेपिराइड.

निदान
मग डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. ती गोळी साखर खाली खेचते, गुळवेलही थोडी खेचते. हात थरथरणं, दरदरून घाम ही साखर उतरल्याची लक्षणं. शिवाय तापानंतरचा थकवा साखर बिघडल्यानेही असतो. आधी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघून घ्या.