गारदी म्हणजे अंगरक्षक का?

'गारदी' हा शब्द 'गार्ड'वरून आला म्हणतात. मग पेशव्यांचे गारदी म्हणजे त्यांचे अंगरक्षकच ना? आणि 'पाच गडी गारद'मधला गारद तोच का?

— उगम तोच, अर्थ तो नाही. दख्खनेत फ्रेंच सेनानी बुसीने कवायती पलटणी उभ्या केल्या, तिथून हा शब्द आपल्याकडे रुळला. गारदी म्हणजे कवायती पायदळातला पगारी शिपाई. पानिपतावर भाऊसाहेबांसाठी लढलेला इब्राहिमखान गारदीच, पण त्याला कुणी अंगरक्षक म्हणणार नाही. धन्याची खास फौज म्हणजे हुजुरात, आणि ती घोडदळाची. अंगाशी असायचे ते हुजरे, खासबारदार. क्रिकेटमधला गारद निराळा: मूळ अरबी 'गारत', म्हणजे लूट, नासधूस. हिंदीतलं 'गारत होना' तेच.

— पण नारायणराव पेशव्यांना शनिवारवाड्यात मारलं ते गारद्यांनीच ना? ३० ऑगस्ट १७७३, सुमेरसिंग वगैरे मंडळी.

— हो, आणि शब्द बदनाम झाला तो तिथेच. इब्राहिमखानाची निष्ठा विसरली गेली, सुमेरसिंग तेवढा लक्षात राहिला. शाळेतल्या 'ध'च्या 'मा'चाही त्यात हात आहेच म्हणा! एक मात्र ध्यानात घ्या, पेशवा हा प्रधान. राज्याचे धनी साताऱ्याचे छत्रपती. हुजुरात मुळात त्यांची, पेशव्यांची नंतरची.

— गंमत म्हणजे त्याच १७७३ साली वॉरन हेस्टिंग्जने बनारसला ५० स्वारांचं अंगरक्षक दल उभारलं. आज राष्ट्रपतींच्या बग्गीपुढे दौडतात ते त्याचेच वारस. १९४७ मध्ये दलाची वाटणी झाली, तेव्हा बग्गी कुणाची हे नाणेफेकीने ठरलं आणि ती भारताकडे आली. हे स्वार नुसते शोभेचे नाहीत, छत्रीधारी सैनिकाचं प्रशिक्षणही त्यांना असतं.

— मग मराठीत त्यांना काय म्हणायचं? नुसतं 'राष्ट्रपतींचे अंगरक्षक' लिहिलं की सफारीतली, कानात वायर घातलेली माणसं डोळ्यांसमोर येतात.

— 'राष्ट्रपती अंगरक्षक दल' लिहा. 'दल' गाळू नका, ती लष्कराची पलटण आहे. मला स्वतःला 'हुजुरात' जास्त आवडला असता. पण हुजऱ्याची 'हुजरेगिरी' झाल्यापासून तो शब्द राष्ट्रपती भवनात न्यायची सोय राहिलेली नाही.